पाण्यापासून पळणारे बेडूक

मी आटपाडी तालुक्यात वाढलो. आमच्याकडे पाऊस किती मिलिमीटर झाला हे पोरांनासुद्धा तोंडपाठ असे, कारण वर्षाचा हिशेब जेमतेम पाचशेच्या आत-बाहेर असायचा आणि एवढ्या लहान आकड्यात प्रत्येक सर वेगळी लक्षात राहते. भूगोलाच्या तासाला ‘विषुववृत्तीय सदाहरित वने’ हा धडा आला तेव्हा गुरुजींनी नकाशावर ब्राझील आणि काँगो यांच्यावर छडी टेकवून सांगितले, की येथे बहुधा रोज दुपारी पाऊस पडतो. वर्गात कोणी काही बोलले नाही, पण आम्हांला ते खरे वाटले नाही. धड्याच्या चित्रात जाडजूड ॲनाकोंडा, लांब चोचीचा टुकान, फांदीला उलटा लटकलेला स्लॉथ आणि दबा धरलेला जग्वार असे सगळे एकाच झाडाभोवती लग्नाच्या पंगतीसारखे जमले होते. वर्षावनातले प्राणी म्हणजे ते चित्र आणि ते चित्र म्हणजे समुद्रापलीकडची गोष्ट, हा माझा समज पुढे कितीतरी वर्षे तसाच टिकला. एका दिवसाच्या एसटी प्रवासावर, आपल्याच राज्यात, तसले एक रान आहे हे मला कोणी सांगितले नव्हते.

आंबोलीला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. सावंतवाडीहून सुमारे तीस किलोमीटर अंतर कापून आणि घाट चढून वर आले, की समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंचीवर हे गाव लागते. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततात, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमच्या तालुक्याचा वर्षाचा पाऊस येथे एखाद्या जोरकस आठवड्यात पडून जातो. ढग या भिंतीवर रिकामे होतात म्हणूनच ते आमच्याकडे कोरडे पोचतात, हे पर्जन्यछायेचे गणित मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. त्या पहिल्या रात्री पडवीत बसून पागोळ्यांकडे पाहताना मात्र माझ्या मनात आलेला पहिला विचार सौंदर्याचा नव्हता. आमच्या वाटणीचे पाणी हे लोक वापरत आहेत, असा तो शुद्ध शेतकरी विचार होता.

या रानाला वर्षावन म्हणावे की नाही यावर जाणकारांत थोडी कुरकुर आहे आणि ती योग्य आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस वर्षभर थोडाफार पडत राहतो, तर येथे चार महिने आभाळ फाटते आणि उरलेले सात-आठ महिने जवळपास कोरडे जातात. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांच्या दाट छायेचे हे रान वनस्पतिशास्त्रज्ञ सदाहरित किंवा निमसदाहरित या सदरात घालतात. मला त्यातला वाद मिटवायचा नाही. पण येथल्या प्राण्यांकडे पाहायचे असेल तर ही ओल्या आणि कोरड्याची विभागणी डोक्यात ठेवूनच पाहावे लागते, कारण त्यांचे सारे जगणे तिच्याभोवती बेतलेले आहे.

रात्री रानात नेणारा तरुण गावातलाच होता. दिवसा तो काजूच्या बागेत काम करतो आणि पावसाळ्यात रात्री माझ्यासारख्यांना साप-बेडूक दाखवतो. त्याचे नाव येथे लिहिलेले त्याला आवडणार नाही. पहिल्या वर्षी मी त्याला विचारले होते, की गवा दिसेल का, धनेश दिसेल का. गवे येथे आहेत, धनेशही आहेत आणि त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. त्याने माझे बोलणे ऐकून घेतले, कपाळाला बॅटरी बांधली आणि मला गुडघ्यावर बसायला लावले. पुढचे तीन तास आम्ही जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंतचेच रान पाहिले.

मधल्या वेळेत एक जळू माझ्या मोज्यातून आत शिरून आपले काम उरकून गेली होती. जळू चावताना कळत नाही आणि सुटल्यावर रक्त थांबत नाही, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते. घरी येऊन बूट काढले तेव्हा मोजा लाल झालेला दिसला. यजमानीणबाईंनी काही न बोलता मिठाची पुरचुंडी आणि जुने फडके पुढे केले.

त्या रात्रीच्या आवाजाविषयी सांगितले पाहिजे. पाऊस पानांवर पडत होता, पानांवरून खालच्या पानांवर पडत होता आणि शेजारून व्हाळ, म्हणजे तिकडच्या बोलीतला ओढा, गर्जत होता. या सगळ्या गदारोळाच्या वर, कोणी दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा टक-टक-टक असा कोरडा आवाज चहूबाजूंनी येत होता. आवाज इतका मोठा होता, की मी निदान मुठीएवढा प्राणी शोधत होतो. वाटाड्याने एका पानाच्या कडेवर प्रकाशाची तिरीप धरली. तेथे रुपयाच्या नाण्यावर मावेल असा एक तपकिरी बेडूक बसला होता. त्याच्या गळ्याखाली पारदर्शक फुगा फुगत होता आणि तो फुगा बेडकाच्या डोक्याएवढाच होता. प्रत्येक ‘टक’बरोबर त्याचे सबंध अंग हलत होते, आणि पानावरचा पाण्याचा थेंबही. हा झुडपी बेडूक, म्हणजे इंग्रजी नावाने बुश फ्रॉग. याच गटातल्या एका जातीला आंबोलीचेच नाव मिळाले असून तिचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

व्हाळाच्या काठी आल्यावर मी मला अगदी स्वाभाविक वाटलेला प्रश्न विचारला. एवढे बेडूक ओरडत आहेत, तर यांची पिल्ले, ते शेपटीवाले काळे बेडूकमासे, कोठे आहेत? आमच्याकडे विहिरीच्या पायरीवर आणि ओढ्याच्या डबक्यात ते ढीगभर दिसत. वाटाड्याने व्हाळावर प्रकाश टाकला. तांबूस फेसाळ पाणी एवढ्या वेगाने चालले होते, की एक वाळका ओंडका आमच्यासमोरून काडीसारखा निघून गेला.

“ह्या पाण्यात कोण रवतलो, सर?” तो म्हणाला.

हे वाक्य मी त्यानंतर अनेक वर्षे मनात घोळवत आलो आहे. माझ्या दुष्काळी डोक्यात बेडूक आणि पाणी यांचे नाते सरळ होते: पाणी असेल तेथे बेडूक आणि जितके जास्त पाणी तितके जास्त बेडूक. येथे इतके पाणी होते, की बेडकांना त्याच्यापासून पळावे लागत होते. वाहत्या व्हाळात अंडी घालणे म्हणजे ती घाटाखाली पाठवून देणे. जेथे पाणी थोडे संथ आहे तेथे मासे, खेकडे आणि पाणकिडे आधीच दबा धरून आहेत. अंडी ओली तर राहिली पाहिजेत, पण पाण्याच्या तावडीत सापडता कामा नयेत, अशी ही कोंडी आहे. गेल्या काही पावसाळ्यांत मी आंबोलीत जे जे पाहिले त्यातले बरेचसे या एका कोंडीवर वेगवेगळ्या प्राण्यांनी काढलेले तोडगे आहेत, असे आता मला वाटते.

झुडपी बेडकांचा तोडगा सर्वांत धीट म्हटला पाहिजे. त्यांनी पाण्यातले बालपणच रद्द करून टाकले आहे. मादी पालापाचोळ्याखालच्या ओलसर मातीत किंवा तशाच एखाद्या आडोशाला मोजकी अंडी घालते, आणि शेपटीवाल्या पिल्लाची सगळी अवस्था अंड्याच्या आतच पार पडते. काही आठवड्यांनी अंडे फुटते तेव्हा त्यातून चार पायांचा, तांदळाच्या दाण्याच्या आसपास भरेल असा पूर्ण बेडूक बाहेर पडतो. अळी, कोष, फुलपाखरू यांच्या धर्तीवर बेडकाचे रूपांतर आपण शाळेत चित्रे काढून शिकलो, आणि येथे एका सबंध गटाने ती मधली चित्रे गाळून टाकली आहेत. हवा मात्र सतत ओलसर हवी. ते काम चार महिने धुके आणि पाऊस करतात.

दुसरा तोडगा मला एका उभ्या कातळावर पाहायला मिळाला. रस्त्याच्या वळणावर कातळावरून पाण्याचा कागदाइतका पातळ पदर सतत ओघळत होता. त्यावर बोटाच्या पेराएवढ्या, लांब बारीक शेपटीच्या काळपट रेघा चिकटलेल्या दिसल्या. मी जवळ गेलो तशी त्यांतली एक शेपटीच्या फटकाऱ्यासरशी टुणकन उडून वीतभर वर जाऊन बसली. ती बेडकाची पिल्ले होती! इंडिराना गटातल्या बेडकांची ही पिल्ले व्हाळात उतरतच नाहीत. ओल्या दगडावरचे शेवाळ खरवडून खात ती तेथेच वाढतात, आणि दगडावर तोल सांभाळायचा असल्यामुळे त्यांचे मागचे पाय इतर बेडकांच्या पिल्लांपेक्षा बरेच आधी फुटतात. पोहण्यासाठी असलेल्या शेपटीने उडी मारणारे हे अर्धे मासे आणि अर्धे सरडे मी कितीतरी वेळ पाहत उभा होतो. एवढ्यात मागून एक गाडी मोठ्याने गाणी लावून गेली आणि तिच्यातल्या कोणीतरी मला “काका, धबधबा पुढे आहे,” असे ओरडून सांगितले.

तिसरा तोडगा महाबळेश्वर-खंडाळ्याकडच्या रात्र-बेडकाचा असून तो मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. पक्षिनिरीक्षक हुमायून अब्दुलाली यांचे नाव या जातीला दिलेले आहे. ओढ्यावर ओणवलेल्या पानांवर याची अंडी असतात, म्हणजे पिल्ले सुटली की थेट खाली पाण्यात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून असे दिसले, की यातला नर इतर बेडकांप्रमाणे मादीला मिठी मारत नाही. तो तिच्या पाठीवर नुसता वाकून हात पानावर टेकवतो, तिच्या पाठीवर शुक्र सोडतो आणि निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते आणि पाठीवरून ओघळलेल्या शुक्राने ती फळतात. बेडकांच्या मीलनाचे सहा प्रकार तोपर्यंत ठाऊक होते, हा सातवा निघाला. ज्या महाबळेश्वराला लोक स्ट्रॉबेरी खायला जातात, त्या महाबळेश्वरातले हे आहे.

आता नेमके उलट वागणाऱ्या एका प्राण्याकडे येतो. आंबोलीच्या आसपास रान संपून उघडा कातळ लागतो, त्याला सडा म्हणतात. जांभ्या दगडाचे हे विस्तीर्ण पठार उन्हाळ्यात तव्यासारखे तापते. पहिल्या पावसाच्या सरी आल्या की त्याच्या खळग्यांत थाळीएवढे, परातीएवढे पाणी साठते, आणि त्या पाण्यासाठी आंबोली टोड हा बेडकाचाच एक भाऊबंद बाहेर पडतो. जगात हा प्राणी एवढ्याच परिसरात सापडतो. २००९ मध्ये त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला तेव्हा अंगावरच्या पिवळ्या पट्ट्यांमुळे त्याला टायगेरिना असे नाव दिले गेले, आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. तोही व्हाळाकडे फिरकत नाही, मात्र पाणी त्याला हवे आहे आणि तेही असे, की ज्यात मासा पोचू शकत नाही. उथळ खळग्यात मासा नसतो, पण चार दिवस उघडीप पडली तर खळगा आटतो आणि धुवाधार कोसळले तर तो भरून वाहू लागतो. या दोन्हींच्या मध्ये जी फट मिळते तिच्यात अंडी घालून पिल्ले मोठी व्हायची असतात. म्हणून त्याची सगळी धांदल मोसमाच्या तोंडाशीच चालते. मृग लागला की पेरणीसाठी धावणाऱ्या आमच्या शेतकऱ्याची आठवण मला या प्राण्याकडे पाहून झाली, कारण पहिल्या ओलीवर सर्वस्व लावण्याचा जुगार दोघांचाही सारखाच आहे.

याच्याबाबत माझ्याकडून जे घडले ते लिहायला जड जाते. दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसाची बातमी कळताच मी संध्याकाळी निघालो आणि रात्री अकराच्या सुमारास, काचेवर सरी झेलत, गाडीने घाट चढलो. सकाळी दूध आणायला चालत बाहेर पडलो तेव्हा डांबरावर जागोजागी चपटे झालेले लहान लहान जीव दिसले. काही ओळखू येत नव्हते, काहींच्या कडेला पिवळे पट्टे होते. ओली सडक रात्री त्यांना सड्याचाच एक तुकडा वाटते आणि ते तिच्यावर येऊन बसतात. त्या रात्री त्या रस्त्यावरून किती गाड्या गेल्या असतील मला माहीत नाही, पण त्यांत एक माझी होती, आणि ती त्यांनाच पाहायला निघाली होती. तेव्हापासून अंधार पडल्यावर मी तेथे गाडी चालवत नाही. उशीर झाला तर सावंतवाडीत मुक्काम करतो.

पाण्यापासून पळण्याची एक दिशा खाली, मातीतही जाते. तिसऱ्या वर्षी वाटाड्याने शेणखताच्या उकिरड्याजवळचा एक सपाट दगड उलटला आणि त्याखाली जांभळट-करड्या रंगाचे, वीतभर लांबीचे काहीतरी चकाकले. मी त्याला गांडूळ म्हणालो. मग ते वळले आणि त्याला तोंड असल्याचे दिसले, जबडा असलेले खरे तोंड. ते देवगांडूळ होते. नेहमीपेक्षा मोठे किंवा वेगळे काही दिसले की मराठी माणूस त्याला ‘देव’ लावतो. देवमासा मासा नाही, त्याचप्रमाणे हे देवगांडूळही गांडूळ नाही. ते उभयचर आहे, बेडकाचे दूरचे भावंड आहे, फक्त त्याला पाय नाहीत आणि डोळे जवळपास त्वचेखाली बुजलेले आहेत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये त्याला एक सूक्ष्म स्पर्शिका असते आणि तिने चाचपत, वास घेत ते ओल्या मातीतून वाट काढते. ओंजळीत माती घेऊन त्यावर ते ठेवले, तेव्हा ते बोटांच्या फटीत डोके खुपसून एवढ्या जोराने ढकलू लागले, की या बिनहाडाच्या वाटणाऱ्या दोरीच्या आत मजबूत कवटी आणि पाठीचा कणा आहे हे हातालाच कळले.

आंबोलीत सापडलेल्या देवगांडुळाच्या एका जातीचे वर्णन २००३ मध्ये झाले आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमधले ज्येष्ठ निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्यावरून तिला डॅनियली हे नाव मिळाले. यांचे भाईबंद मातीतच अंडी घालतात. कोकणातल्या दुसऱ्या एका जातीने त्याच्याही पुढची मजल मारली आहे. तिची मादी अंडी घालतच नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते, आणि २००८ मध्ये हे जाहीर झाले तेव्हा आशिया खंडात असे करणारे ते पहिलेच ज्ञात देवगांडूळ ठरले. ओढ्यावर, डबक्यावर, पानावर कशावरच विश्वास न ठेवता ओल थेट आईच्या पोटातच राखून ठेवायची, हा कोंडीवरचा सर्वांत टोकाचा तोडगा म्हणता येईल. अशा प्राण्याला गावोगाव सापाचे पिल्लू समजून कुदळीने ठेचतात. मीही लहानपणी असे एखादे दिसले असते तर ठेचले असते.

त्याच मातीत खापरखवल्या राहतो आणि तो मात्र खरोखरच साप आहे. त्याची शेपूट तिरकी तोडल्यासारखी संपते आणि तिच्या टोकावरचे खवले खापरासारखे खरखरीत असतात. त्यांना चिखल चिकटून घट्ट बसतो, म्हणून हा आपल्या बिळात शिरल्यावर मागचे दार आपल्याच शेपटीने लावून घेतो. एवढे सोपे आणि अचूक नाव ज्याने कोणी ठेवले त्याला माझा नमस्कार असो.

बेडूक जमले की त्यांना खाणारा आलाच. एका रात्री चिकट चिखलात पाय घसरला म्हणून मी आधारासाठी छातीच्या उंचीवरच्या फांदीकडे हात नेला.

“हात मागे घेवा, सर.” आवाजात घाई नव्हती. “तो कालपासून थंयच आसा.”

माझ्या बोटांपासून दोन वितींवर शेवाळाच्या रंगाचा एक साप फांदीला वेटोळे घालून बसला होता. त्याचे डोके तिकोनी होते आणि डोळ्यांत उभी बाहुली होती. हा मलबारी चापडा. हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा अनेक रंगांत तो सापडतो आणि त्या त्या रंगात आसपासच्या पानाफांदीशी इतका मिसळून जातो, की त्याची पुढे बराच वेळ ओळख करून घेतल्यावरही मान वळवून परत पाहिले तेव्हा मला तो आधी दिसला नाही. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधल्या खड्ड्याने त्याला उष्णता जाणवते, आणि अंधारात उंदराची ऊब त्याला त्यामुळे कळते. पण त्याच्या ताटात बेडूकच बरेच असतात आणि बेडूक तर थंड रक्ताचा, तेव्हा त्याच्यासाठी डोळे वापरावे लागत असणार. त्याचे विष माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही, पण वेदना आणि सूज पुरेशी होते. खाली काही फुटांवर झुडपी बेडूक टक-टक करत होता. चापडा हलला नाही. आम्ही अर्धा तास थांबलो तरी हलला नाही. दुसऱ्या रात्री गेलो तेव्हा तो त्याच फांदीवर, त्याच वेटोळ्यात होता आणि फक्त त्याच्या तोंडाची दिशा बदलली होती. शिकारी प्राणी म्हणजे झेप, हे आपल्या डोक्यात जग्वारच्या चित्राने बसवलेले असते. येथला शिकारी मुख्यतः वाट पाहतो.

मी एकदा मुद्दाम एप्रिलमध्ये आंबोलीला गेलो. सडा भाजून निघाला होता, ज्या व्हाळाने ओंडका वाहून नेला होता त्याच्या पात्रात मी चपला घालून चाललो, आणि कातळावरचा पाण्याचा पदर ज्या जागी होता तेथे शेवाळाचा काळा डाग वाळून पापुद्रे सुटत होते. दऱ्यांमधले रान हिरवे होते, पण त्यातून एकही ‘टक’ ऐकू येत नव्हता. एवढा मोठा बाजार उठून कोठे गेला, असे मी वाटाड्याला विचारले. त्याने मला रस्त्याकडेच्या जुन्या दगडी बांधाजवळ नेले आणि दोन चिऱ्यांमधल्या भेगेत बॅटरीचा प्रकाश टाकला. आत, हात जाणार नाही एवढ्या खोलीवर, दोन डोळे चमकले, आणि मग आणखी दोन. इंडिराना गटातल्याच एका जातीचे वर्णन २०१४ मध्ये आंबोलीतून झाले, आणि ती भेगांत राहते म्हणून तिचे नावच चिरावासी असे ठेवले गेले. दगडाच्या पोटात थोडी ओल उरलेली असते, तिच्या आधाराने हे बेडूक दिवस काढतात. देवगांडूळ आणि खापरखवल्या अशा वेळी मातीत खोल उतरलेले असतात. त्या भेगेसमोर उभे राहून मला आमच्या गावातल्या उन्हाळ्याची, दुपारी दारे लावून अंधाऱ्या माजघरात पडून राहणाऱ्या माणसांची आठवण झाली. वर्षातले सात-आठ महिने हे रानही आमच्याच तालुक्यासारखे जगते, हे मला तोपर्यंत कळले नव्हते.

हिरण्यकेशीच्या उगमावर मात्र तेव्हाही पाणी होते. तेथल्या गुहेतल्या देवळाच्या कुंडात बोटाएवढे मासे फिरतात. ते केवळ येथलेच आहेत हे २०२० मध्ये सिद्ध झाले, नदीचेच नाव त्यांच्या जातीला मिळाले आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. देवाच्या पाण्यात जाळे टाकायचे नसते, या एका साध्या संकोचावर ती जात आजवर तगून राहिली असावी.

गेल्या जुलैत मी ज्या घरी उतरलो होतो त्याच्या मागच्या अंगणात सिमेंटची एक पाण्याची टाकी आहे आणि तिच्यावर फणसाची एक फांदी ओणवलेली आहे. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या फांदीच्या टोकाला, पाण्यापासून हातभर वर, लिंबाएवढा पांढरा फेसाचा गोळा चार पानांत गुंडाळलेला दिसला. आदल्या रात्री मलबारी उडत्या बेडकांची जोडी तेथे येऊन गेली होती. हा बेडूक तळहातावर मावेल एवढा, पानाच्या रंगाचा असतो आणि त्याच्या बोटांमधले पडदे शेंदरी-लाल असतात. हे पडदे छत्रीसारखे ताणून तो उंच झाडावरून दहा-बारा मीटर तरंगत येतो. मादी एक स्राव सोडते, तो पाय घुसळून ताकावरच्या फेसासारखा फुलवला जातो आणि अंडी त्यात ठेवली जातात. बाहेरचा फेस वाळून कडक होतो, आतला ओला राहतो. पाण्याच्या अगदी वर, पण पाण्यात नाही, असा हा तोडगा होता.

त्या दिवशी यजमानांनी टाकीतले शेवाळ काढायला ब्रश आणि बादली बाहेर आणली, तेव्हा यजमानीणबाई दारातूनच म्हणाल्या, “पिल्लां पडासर टाकी धुवूची नाय.” यजमानांनी ब्रश परत ठेवला. पुढचे काही दिवस सगळे घर अंघोळीचे पाणी पुढच्या विहिरीवरून आणत होते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मी निघायच्या आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला. गोळा भिजून मऊ झाला, खालच्या बाजूने लोंबू लागला आणि त्याच्या टोकाला फेसाचा थेंब धरू लागला. वाटाड्या, यजमान आणि मी छत्रीखाली दाटीवाटीने उभे होतो. थेंब सुटून टाकीत पडला तेव्हा तो पावसाच्या इतर थेंबांसारखाच वाजला. फक्त तो पडलेल्या जागेवरून एक काळी रेघ वळवळत तळाशी गेली. मग आणखी एक थेंब सुटला.